दुकानात मिळणारा गुग्गुळ धोक्यात कसा?

गणपती आणि नवरात्रात मुंबईतील अनेक घरांमध्ये धुपाटण्यातील निखाऱ्यावर गुग्गुळ घातला जातो. काष्ठौषधींच्या दुकानांत तो तपकिरी, चिकट खड्यांच्या रूपात सुटा मिळतो, तर औषधांच्या दुकानांत योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ अशा गोळ्यांच्या डब्या ओळीने मांडलेल्या असतात. सांधेदुखीने त्रासलेल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या औषधांच्या डब्यात यांपैकी एक तरी गोळी हमखास सापडते. असे असताना आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१५ सालच्या मूल्यमापनात गुग्गुळाच्या झुडपाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली, म्हणजे निसर्गातून नामशेष होण्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर. त्यातच २ मे २०२५ रोजी भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालाची आयात, थेट असो वा तिसऱ्या देशामार्गे, बंद केली. सैंधव आणि सुकामेवा यांच्या भावांची चर्चा तेव्हा बरीच झाली. मात्र भारतातील गुग्गुळाचा मोठा वाटाही अनेक वर्षे त्याच सीमेपलीकडून येत आला होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुकानात मुबलक असलेली वस्तू जंगलात संपत आलेली असू शकते का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बाजारभावात मिळत नाही. ते या झुडपाच्या शरीरात आणि ते ज्या जमिनीवर उगवते त्या जमिनीत शोधावे लागते.

झुडूप कोणते आणि त्याचे नातलग कोण

गुग्गुळाचे शास्त्रीय नाव कॉमिफोरा वायटी असे आहे. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नॉट यांनी १८३९ साली त्याचे वर्णन केले आणि मद्रास इलाख्यात काम केलेल्या रॉबर्ट वाइट यांचे नाव त्याला दिले. पुढे जोधपूरचे वनस्पतिशास्त्रज्ञ भंडारी यांनी त्याचे वर्गीकरण दुरुस्त करून आजचे नाव रूढ केले. जुन्या ग्रंथांत आणि काही औषधांच्या वेष्टनांवर आजही ‘कॉमिफोरा मुकुल’ हे नाव दिसते. वनस्पती मात्र तीच आहे.

ज्या कुळात हे झुडूप येते ते सगळे कुळच सुगंधी डिंकाचे आहे. बाळंतिणीला दिला जाणारा बाळंतबोळ आफ्रिका आणि अरबस्तानातील अशाच एका भावंडाचा डिंक आहे. आपल्या सातपुड्यात आणि विदर्भात वाढणारी सालई ही याच कुळातील आहे. सालईचा चांगला वृक्ष होतो. गुग्गुळ मात्र साधारणपणे माणसाच्या उंचीचे, फार तर दोन-तीन मीटरपर्यंत वाढणारे, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेले, वेडेवाकडे झुडूप राहते. त्याच्या फांद्यांची टोके काट्यासारखी अणकुचीदार असतात, सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सतत सुटत असतात, फुले लालसर आणि चटकन नजरेत न भरणारी असतात, आणि पिकलेले छोटे फळ लाल होते. वर्षातील बहुतेक काळ त्यावर पान नसते. अनोळखी माणूस त्याला वाळलेले सरपण समजून पुढे जाईल, आणि अनेक ठिकाणी लोकांनी ते खरोखरच सरपण म्हणून तोडले आहे.

त्याचे घर वाळूचे नसून खडकाचे

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जैसलमेरच्या पर्यटनाच्या जाहिरातीतील वाळूच्या टेकड्या येतात. गुग्गुळ तेथे शोधू नये. थरच्या वाळवंटाचा मोठा भाग खडकाळ माळ, गोट्यांची पठारे आणि झिजलेल्या बुटक्या डोंगररांगा यांनी व्यापलेला आहे, आणि गुग्गुळाचे खरे घर हेच आहे. राजस्थानात जैसलमेर, बाडमेर, जोधपूर, जालोर, पाली, अजमेर या पट्ट्यात. गुजरातेत मुख्यतः कच्छ आणि सौराष्ट्राच्या कोरड्या भागात. सीमेपलीकडे सिंधमधील थरपारकर आणि नगरपारकरच्या टेकड्यांवर, तसेच बलुचिस्तानात तो आढळतो. चुनखडक, वाळूखडक किंवा मुरूम असलेल्या उतारांवर, जेथे मातीचा थर वीतभरही नसतो, तेथे त्याची मुळे खडकाच्या फटींमध्ये शिरलेली असतात.

ही निवड विचित्र वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. उघड्या, सपाट जमिनीवर पडलेल्या थोड्याशा पावसातील बरेचसे पाणी वरच्या थरातच राहते आणि उन्हाने उडून जाते. खडकाळ उतारावर मात्र तेच पाणी दगडांवरून ओघळून फटींमध्ये मुरते आणि तेथे सूर्यापासून सुरक्षित राहते. शिवाय अशा उतारावर पाणी साचून राहत नाही. गुग्गुळाला थोडे पाणी चालते, साचलेले चालत नाही. मुळाशी सतत ओल राहिली की मुळे कुजू लागतात.

पावसाचे प्रमाण समजून घेण्यासाठी मुंबईचाच आधार घेता येईल. जैसलमेर परिसरात वर्षभरात साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही काही वर्षी पडतच नाही. मुंबईत सर्वसाधारण वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद केली होती. म्हणजे जैसलमेरमधील गुग्गुळाच्या वाट्याला साधारण पाच-सहा वर्षांत जे पाणी येते, ते त्या एका दिवसात आपल्या अंगणात पडले. त्यात भर म्हणजे उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारे तापमान, हिवाळ्याच्या रात्री गोठणबिंदूच्या जवळ उतरणारा पारा आणि वाळूचे कण घेऊन येणारा वारा.

या प्रदेशाच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद करण्यात मुंबईचाही वाटा आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॉलबर्ग यांनी जोधपूर आणि जैसलमेर संस्थानांत हिंडून वाळवंटातील वनस्पती गोळा केल्या, आणि त्यांचा तपशीलवार अहवाल १९१८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. ज्याला आजही अनेक जण ‘काही नसलेला प्रदेश’ म्हणतात, त्याची यादी करायला नियतकालिकाचे अनेक अंक लागले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

गुग्गुळ या प्रदेशात एकटा राहत नाही. त्याच्याभोवती निवडुंगासारखे दिसणारे थोराचे दाट गठ्ठे, खाण्याचा डिंक देणारी कुमट बाभूळ, आपण जिला नेपती म्हणतो ती पर्णहीन केर आणि इतर काटेरी झुडपे असतात. थोराच्या गठ्ठ्यात उगवलेल्या रोपाला दुपारची थोडी सावली मिळते, पडलेल्या काडीकचऱ्यामुळे थोडी ओल टिकते, आणि मुख्य म्हणजे शेळीचे तोंड तेथपर्यंत सहज पोहोचत नाही. त्यामुळे आसपासची काटेरी झाडी साफ केली आणि गुग्गुळ तेवढा राखला, तरी पुढच्या पिढीचा पाळणा मोडलेला असतो.

वर्षातील थोडेच कामाचे आठवडे

ज्या चाळीत नळाला दिवसातून एकच तास पाणी येते, तेथे त्या तासात धुणे, भांडी, अंघोळी उरकून पिंप भरून ठेवले जाते आणि उरलेला दिवस त्या पिंपावर काढला जातो. गुग्गुळाचे वर्ष असेच चालते. पहिला चांगला पाऊस झाला की थोड्याच दिवसांत फांद्यांवर लहान, चकचकीत, बहुधा तीन दलांची पाने येतात. जमिनीत ओल आहे तोवर ही पाने अन्न तयार करतात, ते खोडात आणि मुळांत साठवले जाते, आणि ओल सरली की झुडूप पाने टाकून देते. पानांमधून बाष्परूपाने पाणी उडत असते. पानेच नसली तर ती गळती थांबते.

पाने गेल्यावर काम पूर्ण बंद पडत नाही. सालीचे सुटे पापुद्रे गळून गेले की आतील हिरवट थर उघडा पडतो, आणि तो थर पानाचे काम अगदी मंद गतीने चालू ठेवतो. अशा रीतीने झुडूप तग धरते, पण वाढीला फारच थोडे उरते. बिया किंवा छाटकलमापासून वाढलेल्या गुग्गुळाला डिंक काढण्याजोगा होण्यासाठी साधारणपणे आठ ते दहा वर्षे लागतात. पुढील सगळ्या चर्चेत हा एक आकडा लक्षात ठेवावा, कारण बहुतेक शंकांची उत्तरे अखेरीस त्याच्यापाशीच येऊन थांबतात.

डिंक म्हणजे झुडपाचे औषध

गुग्गुळ म्हणून आपण जे विकत घेतो ते पाण्यात विरघळणारा डिंक, पाण्यात न विरघळणारी राळ आणि सुगंधी तेल यांचे नैसर्गिक मिश्रण असते. सालीमध्ये बारीक नलिकांचे जाळे असते आणि त्यांत ते भरलेले असते. कीड लागली, फांदी मोडली किंवा साल फाटली की ते बाहेर येते, हवेत घट्ट होते आणि जखमेचे तोंड बंद करते. बुरशी आणि कीटक यांना आत शिरता येऊ नये यासाठी झुडपाने केलेली ही सोय आहे. ती त्याने साठवणीतील अन्न खर्चून केलेली असते.

डिंक गोळा करणारे लोक हीच प्रतिक्रिया घडवून आणतात. पावसाळा संपून पाने गळल्यावर, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या काळात जाड फांद्यांवर आणि खोडावर चिरा मारल्या जातात. त्यांतून पिवळसर, दुधट चीक हळूहळू पाझरतो, काही दिवसांत सुकून तपकिरी खडे बनतात आणि ते खरवडून घेतले जातात. चीर सालीपुरतीच राहिली, चिरांची संख्या मोजकी असली आणि पुढच्या हंगामात त्या झुडपाला विश्रांती मिळाली, तर ते जगते. अशा पद्धतीने एका प्रौढ झुडपापासून हंगामात साधारण २०० ते ५०० ग्रॅम गुग्गुळ मिळतो.

अडचण येथून सुरू होते. सालीच्या लगेच खाली खोडाच्या वाढीचा जिवंत थर असतो, आणि खोल चीर त्या थरालाच कापते. कच्छमध्ये चिरेवर मोरचूद, जनावरांचे मूत्र आणि आधीचा गुग्गुळ यांचा लेप लावण्याची पद्धत नोंदवली गेली आहे. त्याने डिंक भरभरून वाहतो, मात्र खोड आतून सडते आणि झुडूप बहुधा त्याच वर्षी मरते. जोधपूरच्या केंद्रीय मरुक्षेत्र अनुसंधान संस्थेत १९८० च्या दशकात इथेफॉन या रसायनाचा प्रयोग झाला. हे रसायन वनस्पतीत शिरल्यावर इथिलीन वायू सोडते. फळे पिकवण्यासाठीही त्याचा वापर होतो. योग्य मात्रेत आणि योग्य हत्याराने दिल्यास डिंकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, असे दिसून आले. मात्रा चुकली तर झुडूप मरते, हेही तेवढेच खरे. प्रयोगशाळेत मोजून दिलेली मात्रा आणि माळावर घाईने ओतलेली मात्रा यांत जे अंतर असते, त्यात अनेक झुडपे गेली.

डिंक काढणाऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मात्र ही बहुतेक झुडपे गायरानावर, वनजमिनीवर किंवा मालकी धूसर असलेल्या माळावर उभी असतात, आणि ती खरवडणारी माणसे अत्यंत गरीब असतात. ‘आज मी हलकी चीर मारून थांबलो, तर उद्या दुसरा कोणी खोल चीर मारून सगळे घेऊन जाईल’ हा त्यांचा हिशेब चुकीचा नाही. जेथे झुडपावर कोणाचाच दीर्घकाळाचा हक्क नाही, तेथे ते राखण्यात कोणाचाच फायदा नसतो.

बिया असूनही संतती थोडी

दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९६ साली गुग्गुळाविषयी एक अनपेक्षित बाब प्रसिद्ध केली. या झुडपांमध्ये नर अत्यंत दुर्मीळ असतात, आणि मादी झुडपांना परागकण न मिळताही फळे धरतात. फलन न होता मातेच्याच ऊतीपासून बीजात गर्भ तयार होतो. या प्रकाराला शास्त्रज्ञ ‘अपोमिक्सिस’ म्हणतात; आपण त्याला ‘फलनाविना बीज’ म्हणू. एका बीजात कधी कधी एकाहून अधिक गर्भही असतात. अशा बीजातून आलेले रोप आनुवंशिकदृष्ट्या मातेची जवळजवळ हुबेहूब प्रत असते.

विरळ वस्तीच्या प्रदेशात ही युक्ती उपयोगी पडते, कारण जोडीदार जवळपास नसला तरी वंश थांबत नाही. तिची किंमतही आहे. नर आणि मादी यांच्या गुणांची सरमिसळ झाली की प्रत्येक पिढीत थोडी निराळी रोपे निपजतात, आणि एखादा नवा रोग किंवा हवामानातील बदल आला तर त्यांतील काही टिकतात. एका टेकडीवरील झुडपे बहुतांशी एकाच मातेच्या प्रती असतील तर हा विमा त्यांच्यापाशी नसतो. वैविध्य जे आहे ते निरनिराळ्या टेकड्यांवर, निरनिराळ्या वंशरेषांमध्ये विखुरलेले असते, आणि म्हणून जैसलमेरची हजार झुडपे शाबूत असली तरी कच्छची एक टेकडी पुसली जाणे ही कायमची हानी ठरते. शिवाय सगळ्या बिया उगवत नाहीत. काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन प्रकारच्या बियांपैकी मुख्यतः काळ्याच रुजतात, आणि रुजलेल्या रोपांतील थोडीच पहिला उन्हाळा पाहतात.

‘अतिसंकटग्रस्त’ म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी का?

तसे नाही, आणि येथेच बऱ्याच वाचकांचा गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ या वर्गासाठी अनेक निकष लावतो, आणि त्यांपैकी एक निकष घटीच्या वेगाचा आहे: दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांच्या काळात, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्के किंवा त्याहून अधिक घटली असेल तर जाती या वर्गात येऊ शकते. एखाद्या झुडपाची हजारो उदाहरणे शिल्लक असतानाही त्याची उतरती गती एवढी असू शकते. मोजणीच्या दिवशी किती आहेत यापेक्षा जुनी मरणारी झुडपे आणि नवी वाढणारी रोपे यांचा मेळ बसतो का, हे अधिक महत्त्वाचे असते. गुग्गुळाच्या बाबतीत तो बसत नाही.

यावरून पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. झुडूप मारून काढलेला गुग्गुळही बाजारात येतो, आणि तो जपून काढलेल्यापेक्षा एका हंगामात जास्त असतो. त्यामुळे ऱ्हासाच्या काळात दुकान रिकामे दिसण्याऐवजी भरलेलेच दिसते.

‘ओसाड जमीन कोणाच्या तरी कामी आली तर काय बिघडले?’

महसुली दप्तरात अशा खडकाळ माळांची नोंद पुष्कळदा ‘पडीक’ अशीच असते, आणि पडीक म्हटल्यावर ती खाणीला, रस्त्याला किंवा कारखान्याला देताना कोणाला फारसे वाईट वाटत नाही. गुग्गुळाचे दुर्दैव असे की ज्या चुनखडकावर आणि वाळूखडकावर तो वाढतो, ते दगड सिमेंट आणि बांधकाम या उद्योगांना हवे असतात. कच्छमधील नारायण सरोवर चिंकारा अभयारण्य १९८१ साली सुमारे ७६५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर जाहीर झाले होते. त्या पट्ट्यात चुनखडक आणि लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, आहेत. १९९५ साली अभयारण्याचे क्षेत्र घटवून सुमारे ४४४ चौरस किलोमीटर करण्यात आले. तेथे चिंकारा हरणे राहतात, आणि काटेरी वनात गुग्गुळही वाढतो.

विकासाला विरोध असा या मुद्द्याचा अर्थ काढू नये. मुंबईच्या प्रत्येक इमारतीत सिमेंट आहे आणि ते कोठून तरी येणारच. आक्षेप एवढाच आहे की जमिनीवर काय आहे हे पाहण्याआधी तेथे काहीच नाही असे ठरवले जाते. खाणीतील दगड काढून झाल्यावर खड्डा भरून झाडे लावता येतात, परंतु खडकातील ज्या फटींमध्ये मुळे शिरत होती त्या फटी पुन्हा घडवता येत नाहीत.

याच जोडीला आपण ज्या झाडाला वेडी बाभूळ म्हणतो, तिचे आक्रमण आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली ही बाभूळ कच्छच्या बन्नी भागात १९६० च्या दशकात खाऱ्या जमिनीचा प्रसार रोखण्यासाठी मुद्दाम लावण्यात आली. ती झपाट्याने पसरली आणि तिच्या दाट झाडोऱ्यात स्थानिक झुडपांना जागा उरेनाशी झाली. हिरवळ वाढली म्हणजे निसर्ग सुधारला असे वाळवंटात गृहीत धरता येत नाही, याचे याहून ठळक उदाहरण शोधायला नको.

‘मग शेती करून प्रश्न सोडवता येत नाही का?’

ही शंका रास्त आहे आणि उत्तर अंशतः होकारार्थी आहे. गुग्गुळाची छाटकलमे चांगली रुजतात. पेन्सिलीहून थोड्या जाड, वीतभर फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर लावल्या की मुळे फुटतात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ तसेच राजस्थान आणि गुजरात येथील वनखात्यांनी लागवडीचे प्रकल्प हाती घेतलेले आहेत.

मात्र शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर पहिली आठ-दहा वर्षे जमीन अडकते आणि हाती काही येत नाही. त्यानंतर डिंक निघेल, पण जंगलातून फुकट काढलेला, म्हणून स्वस्त असलेला माल समोर असताना शेतातील मालाला परवडणारा भाव मिळेल याची हमी नसते. दुसरी अडचण आनुवंशिक आहे. भरपूर डिंक देणाऱ्या एकाच झुडपाच्या कलमांनी शेकडो हेक्टर भरले, तर आधीच अरुंद असलेला वारसा आणखी अरुंद होतो. म्हणून लागवड ही बाजाराची गरज भागवण्यासाठी असावी आणि संवर्धन वेगवेगळ्या टेकड्यांवरील मूळ झुडपांचे व्हावे; एकाने दुसऱ्याची जागा घेता कामा नये.

मुंबईच्या गच्चीत कुंडी ठेवून हे झुडूप वाचवता येईल का, असेही विचारले जाते. हौस म्हणून ठेवण्यास हरकत नाही, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसाने आणि दमटपणाने ते बेजार होईल. जगले तरी ते कुंडीतले एक झाड असेल. एखाद्या जातीचे संवर्धन तिच्या अधिवासातच होते.

‘औषध म्हणून ते आवश्यक आहे ना?’

सुश्रुतसंहितेपासून गुग्गुळाचा उल्लेख मेदरोग आणि वातविकार यांच्या संदर्भात येतो. त्याचा वापर करण्यापूर्वी त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात शिजवून त्याचे शोधन करण्याची पद्धत आहे. १९६६ साली डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुश्रुतातील वर्णनाचा धागा पकडून रक्तातील चरबीवर गुग्गुळाच्या परिणामांचा अभ्यास केला, आणि तेथून आधुनिक संशोधनाला वळण लागले. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ‘गुग्गुलिपिड’ हे औषध विकसित केले, आणि १९८० च्या दशकात ते बाजारात आले.

पुढचे चित्र संमिश्र आहे. भारतातील आधीच्या काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल घटल्याचे आढळले होते. २००३ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ व्यक्तींवर आठ आठवड्यांची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली; तीत गुग्गुळ घेणाऱ्यांमध्ये ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींना अंगावर पुरळ उठले. त्याही आधी, १९९४ साली, मुंबईतील संशोधकांनी असे दाखवले होते की गुग्गुलिपिडबरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयविकार आणि रक्तदाबावरील औषधे शरीरात कमी प्रमाणात शोषली जातात. गुग्गुळ निरुपयोगी आहे असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार’ म्हणून तो स्वतःच्या मनाने घेणे, विशेषतः हृदयाची औषधे चालू असताना, योग्य नव्हे. अशा वापरात रुग्णाचे आणि झुडपाचे दोघांचेही नुकसान होते.

आयात बंद झाल्याने काय होईल?

फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लागले आणि २०२५ मध्ये दारच बंद झाले. मागणी तेवढीच राहिली तर तिचे ओझे तीन ठिकाणी वाटले जाणे शक्य आहे. काही भाग राजस्थान आणि कच्छमधील उरलेल्या झुडपांवर पडेल, आणि ही सर्वांत चिंतेची शक्यता आहे. काही भाग लागवडीच्या मालाकडे वळेल, आणि तो आज तरी अपुरा आहे. उरलेली जागा भेसळ घेईल: सालईचा डिंक, आफ्रिकेतील इतर भावंडांचे डिंक, सालीचे तुकडे, माती. या भावंडांचे डिंक विषारी आहेत असे नाही, पण त्यांतील रासायनिक घटक सारखे नसतात, म्हणून औषधात त्यांना गुग्गुळाच्या जागी धरता येत नाही. अस्सल गुग्गुळ उन्हात मऊ पडतो, विस्तवावर जळतो आणि गरम पाण्यात घोटला की दुधाळ होतो, ही जुनी कसोटी ढोबळ पारखीला ठीक आहे. सरावलेल्या भेसळीपुढे ती टिकत नाही आणि तेव्हा प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.

ग्राहकाने गुग्गुळ सोडून द्यावा का?

माझ्या मते औषध आणि धूप यांत फरक करायला हवा. वैद्यांनी तपासून दिलेले औषध थांबवण्याचे कारण नाही. धुपाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेता येतो. ‘गुग्गुळ धूप’ म्हणून मिळणाऱ्या अनेक वड्यांमध्ये भुसा, कोळसा आणि सुगंधी द्रव्ये असतात, आणि त्यांत गुग्गुळ किती आहे हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असते. खरा गुग्गुळ सणावाराला चिमूटभर घालावा. रोज संध्याकाळी डास घालवण्यासाठी तो जाळणे ही उधळपट्टी आहे, आणि बंद सदनिकेत त्या धुराने दम्याच्या रुग्णाला त्रासही होतो.

खरी जबाबदारी मोठ्या खरेदीदारांची, म्हणजे औषध कंपन्या आणि घाऊक व्यापारी यांची आहे. माल लागवडीचा आहे की जंगलातील, कोणत्या जिल्ह्यातून आला आणि तो कोणी काढला, ही माहिती त्यांनी मागितली तरच ती पुरवठ्याच्या साखळीत खालपर्यंत जाईल, आणि तीच वेष्टनावर छापली तर ग्राहकालाही निवड करता येईल. लागवडीला दहा वर्षे लागत असल्याने खरेदीचे करारही तेवढ्याच लांब पल्ल्याचे असायला हवेत. हंगामापुरत्या सौद्यावर कोणताही शेतकरी जमीन अडकवणार नाही. जंगलातील मालासाठी गावाला किंवा डिंक काढणाऱ्यांच्या गटाला ठरावीक टेकडीवर दीर्घ मुदतीचा हक्क द्यावा लागेल, आणि त्या करारात चीर किती खोल मारायची, एका झुडपावर किती चिरा घ्यायच्या आणि मध्ये किती वर्षांची विश्रांती द्यायची हेही लिहावे लागेल. नुसता किलोचा भाव लिहून भागणार नाही.